खर्जाचा कारागीर : किंग टबी

(द्वितीय वर्ष, कला)

संगीताच्या इतिहासात गायकांची नावे राहतात, वादकांची राहतात, क्वचित एखाद्या वाद्य घडविणाऱ्याचेही नाव राहते. पण गायक किंवा वादक म्हणून ज्याला कोणी ओळखत नव्हते, ज्याचा सारा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात, तारा गुंडाळण्यात आणि डाग देण्यात गेला, अशा एका माणसाला त्याच्या देशाने संगीताचा राजा मानले. त्याचे नाव ऑस्बोर्न रडॉक. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखते.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले एक लहानसे बेट. १९६२ साली ते ब्रिटिशांच्या राज्यातून स्वतंत्र झाले. त्याची राजधानी किंग्स्टन. याच शहरात २८ जानेवारी १९४१ रोजी टबीचा जन्म झाला. त्याच्या आईचे माहेरचे आडनाव टबमन. त्यावरून टबी हे नाव पडले, असे सांगतात. पुढे तो शहराच्या पश्चिमेकडील वॉटरहाउस या गरीब वस्तीत राहू लागला आणि आयुष्यभर त्याचे काम त्याच वस्तीत चालले.

टबीचे मोठेपण समजायचे तर त्या काळचे किंग्स्टन डोळ्यांसमोर आणले पाहिजे. गरिबाला वाद्यवृंदाचा खर्च परवडत नसे आणि मोठ्या क्लबांचे दरवाजे त्याला बंद असत. तेव्हा लोकांनी आपली वाट काढली. मोकळ्या अंगणात स्पीकर मांडायचे, अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या लावायच्या आणि रात्रभर नाचायचे. या सरंजामाला तिकडे साउंड सिस्टिम म्हणत. हेडली जोन्स या कारागिराने १९४० च्या दशकात टॉम वाँग नावाच्या व्यापाऱ्यासाठी ॲम्प्लिफायर बांधून दिला आणि या धंद्याला खरे बळ आले. मग एकाहून एक मोठ्या सिस्टिम निघाल्या. ज्याचा खर्ज दूरवर ऐकू जाईल, त्याच्याकडे गर्दी.

आता हा खर्जच मोठा हट्टी असतो. बारीक आवाज लहानशा कर्ण्यातून सहज निघतो. म्हणून किंग्स्टनमध्ये लोखंडी कर्णे झाडावर टांगले तरी भागत असे. खर्जाचे तसे नाही. सेकंदाला ४० कंपने होणाऱ्या सुराची हवेतली एकेक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. ती उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. शिवाय नुसता स्पीकर उघड्यावर ठेवला तर त्याचा पडदा पुढे जी हवा ढकलतो, तीच कडेने वळून मागची पोकळी भरते आणि खर्ज जागच्या जागी विरून जातो. म्हणून स्पीकरला खोके लागते. खोके लहान असेल तर खर्ज गुदमरतो. त्याच्या फळ्या पातळ असतील तर संगीताऐवजी त्याच वाजू लागतात. म्हणजे खोके मोठे हवे, जाड प्लायवूडचे हवे आणि आतून टेके देऊन घट्ट केलेले हवे. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता सुमारे ३० किलो भरतो. एका मोठ्या खोक्याला असे दोन-तीन तक्ते सहज लागतात, वर स्पीकरच्या लोहचुंबकाचे वजन वेगळेच. बंद सभागृहात भिंती तरी मदतीला येतात. उघड्या मैदानात ती मदत नसते. म्हणून किंग्स्टनच्या सुतारांनी कपाटाएवढी खोकी बांधली.

बांधणे एक आणि वाहून नेणे दुसरे. आज या वस्तीत नाच, तर उद्या त्या वस्तीत. ड्यूक रीड हा त्या काळचा एक बडा सिस्टिमवाला. तो ज्या मालमोटारीतून सामान नेई ती ट्रोजन बनावटीची होती. त्यावरून त्याच्या सिस्टिमलाच ट्रोजन हे नाव पडले. खोकी आणणारी गाडी ही लोकांच्या मनात संगीताइतकीच महत्त्वाची होती, याचा हा पुरावाच नव्हे काय? दिवस मावळण्यापूर्वी खोकी उतरवायची, रचायची, तारा जोडायच्या आणि पहाटे पुन्हा सारे गाडीत चढवायचे. त्या माणसांची नावे मात्र कोणत्याही तबकडीवर छापलेली नाहीत.

अशा जगात टबीने रेडिओ दुरुस्तीचे दुकान मांडले. इलेक्ट्रॉनिक्सचे काही शिक्षण त्याने घेतले होते. टपालाने येणारे अमेरिकन अभ्यासक्रमही त्याने पुरे केले, असे म्हणतात. पण त्याची खरी शाळा म्हणजे बिघडलेली यंत्रे. समुद्राकाठची दमट हवा, गाडीतले धक्के, शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी मुद्दाम केलेली मोडतोड यांमुळे त्याच्याकडे कामाची कधी वाण पडली नाही. ॲम्प्लिफायरला झेपतील त्याहून जास्त स्पीकर जोडले की तो तापतो आणि शेवटी जळतो. अशी जळकी यंत्रे उघडूनच टबी शिकला. पुढे तो ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळू लागला आणि व्हॉल्व्हचे दणकट ॲम्प्लिफायर बांधू लागला. त्याचे टेबल नेहमी स्वच्छ, हत्यारे जागच्या जागी आणि कपडे नीटनेटके असत, अशी त्याची ख्याती होती.

मग त्याने स्वतःची सिस्टिम उभारली. होमटाउन हाय-फाय हे तिचे नाव. ती केवळ मोठ्याने वाजत नसे, स्वच्छ वाजत असे. खर्ज भरदार, वरचे सूर काचेसारखे लख्ख आणि त्यात टबीने स्वतः बसविलेला प्रतिध्वनी. यू-रॉय हा कलावंत तिच्यावर तबकड्यांच्या तालावर बोलू लागला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस टबी ड्यूक रीडकडे तबकड्या कोरण्याच्या कामाला लागला. तेथे गाण्यातला गळा काढून उरलेले संगीत वेगळे वाजवता येते, हे त्याच्या हाती आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याने ड्रोमिली ॲव्हेन्यूवरील एका घरात आपला स्टुडिओ थाटला. घरच्या न्हाणीघरात गायक उभे राहत. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार पट्ट्यांचा मिश्रणयंत्राचा मेज त्याने घेतला आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला. त्यावर तो शब्द पुसून टाकी, ढोल आणि खर्ज तेवढे उरवी, मध्येच एखादा सूर प्रतिध्वनीत सोडून देई. यालाच पुढे डब म्हणू लागले. ऑगस्टस पाब्लोबरोबरची त्याची १९७६ सालची ध्वनिमुद्रिका आजही जगभर ऐकली जाते.

मला वाटते, डबचे मूळ त्या जड खोक्यांतच आहे. मैदानात खर्ज छातीवर कसा आदळतो आणि गर्दी केव्हा थरारते, हे टबीला ठाऊक होते. म्हणून स्टुडिओत बसूनही तो मैदानासाठीच मिश्रण करीत असे. दुरुस्ती त्याने कधी सोडली नाही. पुढे सायंटिस्ट या नावाने गाजलेला तरुण त्याच्याकडे प्रथम आला तो ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी, आणि शिष्य झाला. किंग जॅमीसुद्धा त्याच दुकानात घडला.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी स्टुडिओतून घरी परतताना घरासमोरच टबीची गोळी घालून हत्या झाली. वय अवघे ४८. मारेकरी सापडले नाहीत. ज्याने शहराला रात्र-रात्र नाचवले, त्याला त्याच शहरात न्याय मिळाला नाही, हे दुःख जमैकात आजही बोलले जाते. पण तोवर जमैकाची माणसे पोटासाठी इंग्लंडला गेली होती आणि तेथेही त्यांनी तशीच खोकी बांधली होती. आजच्या नृत्यसंगीतात, रिमिक्समध्ये टबीचा हात दिसतो.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. येथे आल्यावर पुस्तकातली विद्या ती विद्या आणि हातातली ती नुसती मजुरी, असा भेद नकळत मनात रुजू लागतो. टबीचे चरित्र वाचले आणि तो भेद मला पटेनासा झाला. तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या, कागदावर न मांडताही खोक्याची लांबी-रुंदी अचूक धरणाऱ्या हातांजवळ विचार असतो, सौंदर्याची जाणही असते. आपल्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी टेंपोतून स्पीकरची खोकी उतरवणारी माणसे येतात. या वर्षी ती आली की एक कड धरायला आपणही पुढे व्हावे. म्हणजे खर्जाचे वजन किती असते, ते कळेल.