स्वप्नाचा नकाशा

मुलांनो, रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे एक लहानसे गाव आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी या गावी झाला. पेण तालुक्याला लागूनच खालापूर तालुका आहे. तेथे खोपोलीजवळ २०१३ साली एक मोठे मनोरंजन उद्यान सुरू झाले. त्याचे नाव 'इमॅजिका'. सिनेमाच्या व्यवसायात अनेक वर्षे काम केलेल्या मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले. 'मिस्टर इंडिया' या हिंदी चित्रपटावर तेथे एक खेळ तयार केला गेला. तुम्हां सर्वांच्या माहितीची अलिबाबा आणि चाळीस चोरांची गोष्टही तेथे खेळाच्या रूपाने आली.

गोष्ट आपण ऐकतो, वाचतो किंवा पडद्यावर पाहतो. पण त्या गोष्टीच्या आतच आपल्याला जाता आले तर? ही कल्पना एका माणसाने मोठ्या जिद्दीने खरी करून दाखवली. त्यांचे नाव वॉल्ट डिस्ने. त्यांचीच ही हकीकत आहे.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी मार्सेलीन या छोट्या गावाजवळ शेत घेतले. तेथे वॉल्ट रमून गेला. गावातून आगगाडी जात असे. तिची शिट्टी ऐकली की त्याला फार आनंद होई. त्याला चित्रे काढण्याचाही नाद होता.

हे सुखाचे दिवस लवकरच संपले. शेती तोट्यात गेली. वडील आजारी पडले. शेत विकून सारे कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात गेले. तेथे वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचे काम घेतले. वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय पहाटेच्या अंधारात उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकत. हिवाळ्यात रस्त्यावर गुडघाभर बर्फ साचे, तरी कामाला सुट्टी नसे. मग वर्गात वॉल्टला डुलक्या येत. पण चित्रकलेचा नाद त्याने सोडला नाही.

मोठा झाल्यावर वॉल्टने कॅन्सस सिटीत हलत्या चित्रांची कंपनी काढली. अशा चित्रपटात एकाच माणसाची किंवा प्राण्याची थोडा थोडा फरक असलेली शेकडो चित्रे काढावी लागतात. ती पडद्यावर भराभर दाखवली की चित्र चालू लागते. कंपनीचे काम चांगले होते, पण पैशाचा हिशेब जमेना. १९२३ साली तिचे दिवाळे निघाले. खिशात फक्त ४० डॉलर घेऊन वॉल्ट हॉलिवूडला गेला. रॉय तेथेच होता. दोघा भावांनी मिळून नवी कंपनी सुरू केली. वॉल्टने नव्या कल्पना काढायच्या आणि रॉयने पैशाची बाजू सांभाळायची, असे जणू ठरूनच गेले.

पुढे या कंपनीचा ओसवाल्ड नावाचा ससा लोकांना खूप आवडू लागला. परंतु त्याचे हक्क दुसऱ्यांच्या हाती होते. १९२८ साली तो ससा वॉल्ट डिस्ने यांच्याकडून गेला आणि त्यांचे बरेचसे चित्रकारही त्यांना सोडून गेले. या धक्क्याने ते खचले नाहीत. त्यांनी व त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी एक नवा प्राणी तयार केला. तो होता एक खोडकर उंदीर, मिकी माऊस! १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये मिकीचा आवाजासह चित्रपट लागला आणि तो घराघरांत पोचला. १९३७ साली 'स्नो व्हाईट' हा मोठा चित्रपट आला. दीड तास कोणी नुसती चित्रे पाहत बसेल का, अशी लोकांनी आधी थट्टा केली होती. तोच चित्रपट जगभर गाजला.

मुलांनो, थोर माणसांच्याही हातून चुका होतात. १९४१ साली डिस्ने यांच्या स्टुडिओतील चित्रकारांनी संघटना आणि योग्य पगार यांसाठी संप केला. डिस्ने यांनी तो प्रश्न समजुतीने हाताळला नाही. काही चांगली माणसे त्यांच्यापासून कायमची दुरावली.

आता उद्यानाची गोष्ट ऐका. डिस्ने यांना डायॅन आणि शॅरन अशा दोन मुली होत्या. सुट्टीच्या दिवशी ते त्यांना बागेत नेत. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसत आणि वडील जवळच्या बाकावर बसून राहत. त्यांच्या मनात येई, मुले खेळतात आणि मोठी माणसे नुसती वाट पाहतात, असे का? लहानमोठ्या सर्वांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का नसावी? त्या काळातील बऱ्याच करमणुकीच्या बागा अस्वच्छ असत. तेथे कुटुंबाने जावे असे वातावरण नसे. १९५१ साली डिस्ने यांनी डेन्मार्क देशातील टिव्होली हे उद्यान पाहिले. तेथील स्वच्छता आणि टापटीप पाहून त्यांचा विचार पक्का झाला.

पण विचार पक्का झाला म्हणून काम सोपे होत नाही. स्टुडिओजवळच एक लहान बाग करावी, असे त्यांनी आधी ठरवले होते. तेथील नगरपरिषदेने परवानगी दिली नाही. पैसे सांभाळणाऱ्या रॉय यांनाही हा खर्च धोक्याचा वाटत होता. करमणुकीच्या बागा चालवणाऱ्या अनुभवी मालकांनी तर ही योजना बुडणार, असेच सांगितले. तेव्हा डिस्ने यांनी स्वतःच्या आयुष्याच्या विम्यावर कर्ज काढले आणि सुट्टीत राहण्याचे आपले घरही विकले. आपल्या दादासाहेब फाळके यांची येथे आठवण होते. चित्रपटाचे तंत्र शिकायला १९१२ साली लंडनला जाण्यासाठी त्यांनीही विम्यावरच कर्ज काढले होते.

एवढ्या पैशाने उद्यान होणार नव्हते. मोठे कर्ज हवे होते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बागेसाठी कर्ज कोण देणार? सप्टेंबर १९५३ मध्ये डिस्ने यांनी हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतले. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस डिस्ने त्याच्याजवळ बसून एकेक गोष्ट सांगत राहिले व रायमन काढत गेला. सोमवारी रॉय तो नकाशा घेऊन न्यूयॉर्कला गेले. 'नकाशा' हा शब्द तुमच्या चांगला ओळखीचा आहे. उर्दूतील नक्शा तो हाच! त्या नकाशाने मोठे काम केले. एका दूरचित्रवाणी कंपनीने पैसे दिले व कर्जाची हमीही घेतली. त्या बदल्यात डिस्ने यांनी तिच्यासाठी दर आठवड्याला एक कार्यक्रम करायचा, असे ठरले.

लॉस एंजेलिसजवळ ॲनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा होत्या. तेथील १६० एकर जागा घेऊन १९५४ च्या जुलैत काम सुरू झाले. अवघ्या एका वर्षात ते संपवायचे होते. डिस्ने यांनी सिनेमातील युक्त्या येथे वापरल्या. बाहेरचे रस्ते व घरे दिसू नयेत म्हणून भोवताली मातीचा उंच बांध घातला. आत येण्यासाठी एकच मुख्य प्रवेशद्वार ठेवले. तेथे आगगाडीचे स्थानक, पुढे जुन्या काळातील बाजाररस्ता आणि रस्त्याच्या टोकाला परीकथेतील किल्ला. दुकानांचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधले, त्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच दिसत. किल्लाही फक्त ७७ फूट उंच होता, पण पाहणाऱ्याला तो केवढा तरी मोठा वाटे. तो बाजाररस्ता पाहताना डिस्ने यांना आपल्या लहानपणीचे मार्सेलीन गाव आठवत असे.

सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून १७ जुलै १९५५ रोजी 'डिस्नेलँड' उघडले. पण पहिल्याच दिवशी फजिती झाली. खोटी तिकिटे छापली गेल्याने अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली. कडक ऊन होते. नुकतेच घातलेले डांबर मऊ होऊन त्यात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतू लागल्या. नळजोडणी कामगारांच्या संपामुळे पाण्याचे नळ पुरेसे बसवले नव्हते. तहानलेली मुले रडू लागली. काही खेळ मधेच बंद पडले. वर्तमानपत्रांनी कडक टीका केली.

डिस्ने यांनी त्या टीकेवर वाद घातला नाही. त्यांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले. ते स्वतः बागेत हिंडत, लोकांबरोबर रांगेत उभे राहत आणि कोठे काय कमी आहे ते पाहत. सात आठवड्यांत दहा लाख लोक उद्यान पाहून गेले.

पुढे त्यांनी फ्लोरिडात याहून कितीतरी मोठ्या उद्यानाची आखणी केली. ते पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांना सिगारेटचे व्यसन होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा कामातून निवृत्त होण्याच्या वयाचे रॉय पुन्हा उभे राहिले. एके काळी खर्चाला भिणाऱ्या या भावानेच ते उद्यान १९७१ साली पूर्ण केले आणि त्याला वॉल्टचे नाव दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रॉयही गेले.

त्यानंतर टोकियो, पॅरिस, हाँगकाँग व शांघाय येथे अशी उद्याने झाली. २०२५ च्या मे महिन्यात अबू धाबीत नवे उद्यान उभारण्याची योजना जाहीर झाली. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, चाचा किंवा मामू आखाती देशात नोकरीला असतील, तर ते तुम्हांला त्याविषयी सांगतील.

मुलांनो, अशा बागेत तुम्ही जाल, तेव्हा तेथील बाकांकडे एकदा जरूर पाहा. एका बाकावर बसलेल्या बापाच्या मनात एक साधा प्रश्न आला आणि त्यातून एवढे सारे घडले. तुमच्याही मनात एखादी कल्पना असेल. तिला मनातच ठेवू नका. आधी कागद घ्या आणि तिचा नकाशा काढा.

स्वाध्याय
१. बागेतील बाकावर बसल्यावर डिस्ने यांच्या मनात कोणता प्रश्न आला?
२. उद्यानासाठी पैसे उभे करताना नकाशाचा उपयोग कसा झाला?
३. पहिल्या दिवशी लोकांना कोणते त्रास झाले? त्यानंतर डिस्ने यांनी काय केले?
४. रॉय यांनी भावाला कशी साथ दिली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.