श्रद्धा, सत्कर्म आणि ल्यूथर

पुण्य विकत घेता येते काय, हा प्रश्न कोणा एका धर्माच्या अनुयायांपुरता मर्यादित नाही. नवस बोलून देवाशी सौदा करणारे भाविक आपल्याकडे आहेत आणि देवळाच्या भिंतीवर नावाची फरशी बसल्याखेरीज ज्यांचे दान पुरे होत नाही असे दातेही आहेत. सोळाव्या शतकात याच प्रश्नाने पश्चिम युरोपातील ख्रिस्ती धर्मसंस्था दुभंगली. तो प्रश्न ऐरणीवर आणणाऱ्या मार्टिन ल्यूथरचे चरित्र हिंदू वाचकांनीही डोळसपणे पाहावे असे आम्हांस वाटते. त्याच्या यशाइतकेच त्याचे अपयशही बोधप्रद आहे.

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइसलेबेन येथे झाला. तांब्याच्या खाणधंद्यात वर आलेल्या वडिलांना मुलाने वकील व्हावे असे वाटे. परंतु जुलै १५०५ मध्ये वाटेत वादळाने गाठले, जवळच वीज कोसळली आणि भयभीत झालेल्या त्या तरुणाने संन्यासाचे व्रत बोलून टाकले. लवकरच तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपवास, जागरणे, देहदंड, तासन्‌तास चालणारी पापांची कबुली यांत त्याने कसूर केली नाही; तरी चित्ताला स्वस्थता नव्हती. किती सत्कर्मे केली म्हणजे ईश्वर संतुष्ट होईल, हा हिशेब कधी जुळेचना. पुढे विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकविताना संत पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला उत्तर सापडले. तारण ही माणसाची कमाई नव्हे, ते ईश्वरी कृपेचे दान आहे आणि ते श्रद्धेनेच स्वीकारायचे असते, असा त्याचा निश्चय झाला.

त्या काळी रोममधील संत पीटरच्या मंदिराच्या उभारणीसाठी क्षमापत्रांची विक्री चालू होती. तिच्या उत्पन्नातला अर्धा वाटा मात्र माइन्त्सच्या आर्चबिशपचे सावकारी कर्ज फेडण्याकडे वळत होता. मृत आप्तांचीही यातनांतून सुटका होईल, या आशेने गरीब माणसे पदरचे पैसे मोजीत. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपली ९५ विधाने त्याच आर्चबिशपकडे पाठविली. १५२१ मध्ये तो धर्मबहिष्कृत झाला. वर्म्सच्या सभेत सम्राटासमोरही त्याने आपले लेखन मागे घेतले नाही. वार्टबुर्गच्या किल्ल्यात अज्ञातवासात राहून त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले व ते १५२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पॉलच्या वचनात त्याने ‘केवळ’ हा मुळात नसलेला शब्द घातला आणि कृतीविना श्रद्धेला निर्जीव ठरविणाऱ्या याकोबाच्या पत्राला ग्रंथाच्या शेवटाकडे ढकलले. विरोधकांनी या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले, ते अकारण नव्हते.

मग ल्यूथरने सत्कर्म टाकाऊ ठरविले काय? नाही. चांगल्या झाडाला चांगले फळ आपसूक येते, तशी खऱ्या श्रद्धेतून सत्कृत्ये उपजतात, असे त्याचे प्रतिपादन होते. ईश्वराला त्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. लाइस्निग गावाने अनाथ व निर्धनांसाठी सार्वजनिक निधी उभारला, तेव्हा १५२३ मध्ये त्या योजनेला त्याने प्रस्तावना लिहिली. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेगने घेरले. विद्यापीठ अन्यत्र हलले, पण ल्यूथर गरोदर पत्नीसह गावातच राहिला आणि त्याच्या घराचे रुग्णालय झाले. स्वर्गातील जमाखर्चावरची नजर निघाली की दान अधिक निर्मळ होते, हे त्याने आचरून दाखविले.

परंतु चरित्राची दुसरी बाजू झाकणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. १५२५ मध्ये नाडलेले शेतकरी शस्त्र घेऊन उठले, तेव्हा त्यांना निर्दयपणे कापून काढा, असे याच लेखणीने सरदारांना सांगितले. १५४३ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे व घरे जाळण्याचा सल्लाही तिनेच दिला; चार शतकांनंतर नाझींनी त्या लेखनाचा उपयोग करून घेतला. श्रद्धा तीच होती. शेजारी कोणाला म्हणावे, याची व्याख्या मात्र आकसली होती. फळावरून झाड ओळखायचे, तर ही फळेही त्याच झाडाची म्हणावी लागतात.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजी, जन्मगावीच, ल्यूथरचा अंत झाला. पुढच्याच वर्षी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक भूमिका मांडली: आरंभ कृपेचाच, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते आणि प्रेमावाचून श्रद्धा अपुरी राहते. त्याच्या हयातीतच, १५४२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले होते. आपल्या किनाऱ्यावर रुजला तो कॅथलिक पंथ. म्हणून ल्यूथरचे नाव इथे फारसे कानी पडत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने लाभते आणि सत्कर्मे त्यातून उपजतात, यावर एकमत होण्यास साडेचारशेहून अधिक वर्षे लागली.

निष्काम कर्माची शिकवण मिरविणाऱ्या आपल्या समाजाला या वादात परके असे काही नाही. दान देताना पुण्याचा हिशेब सोडावा, हे ल्यूथरकडून घ्यावे. पण ज्याला आपण शेजारी मानीत नाही, त्याच्याशी आपली श्रद्धा कशी वागते, हेही त्याच्याच उदाहरणावरून तपासून पाहावे. भिंतीवरच्या फरशीवर या प्रश्नाचे उत्तर कोरलेले नसते.