कॅप्टन जेकब आणि जोडतारा

सन १८४२ च्या सुमारास पुण्यात एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी दुर्बीण लावून ताऱ्यांचे वेध घेत असे. त्याचे नाव विल्यम स्टीफन जेकब.

जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर पथकात ते दाखल झाले व १८३१ मध्ये मुंबईस आले. काही वर्षे त्यांनी भूमापनाच्या कामात घालवली. जमीन अचूक मोजण्याची तेथे जडलेली सवय त्यांनी आकाशाकडे वळवली. पुण्यात स्वतःची छोटीशी वेधशाळा उभारून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. लष्करी नोकरीचाही त्यांनी त्याग केला.

१८४८ च्या अखेरीस मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेथे भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याने त्यांना कोड्यात टाकले. या जोडीतील दोन सूर्य सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरा पुरा करतात. कोणत्या दिवशी तारा कोठे दिसावा, हे गणिताने आधीच सांगता येते. परंतु येथे गणित व वेध जुळेनात. तारा आपल्या वाटेवरून किंचित ढळतो असे दिसे.

गोफण फिरवणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. दगड गरगर फिरतो, तसा मुलगाही थोडा डोलतो. दगड दिसला नाही, तरी त्या डोलण्यावरून तो ओळखता येईल. असाच एखादा अदृश्य ग्रह या ताऱ्याला ओढत असावा, असा तर्क जेकब यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. परक्या सूर्याभोवती ग्रह असल्याच्या, वेधांवर आधारलेल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी तो एक होय. त्यांनी तो बेतानेच मांडला होता, हेही सांगितले पाहिजे.

प्रकृती ढासळल्यामुळे १८५९ मध्ये त्यांनी पद सोडले. पण ध्यास सुटला नाही. डोंगरावरील निर्मळ हवेत वेध अधिक नेमके मिळतील, म्हणून पुण्याजवळ उंचावर वेधशाळा उभारण्याचे त्यांनी ठरवले. नऊ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण पदरच्या पैशाने घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते. वेधशाळा मनातच राहिली.

पुढे इतरांनीही त्या जोडताऱ्याजवळ ग्रह असल्याचे सांगितले. परंतु १८९९ मध्ये मोल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, सांगितलेल्या कक्षेत असा ग्रह टिकूच शकत नाही, हे गणिताने दाखवून दिले. ताऱ्याचे ते ढळणे इतके सूक्ष्म होते, की जुन्या वेधांतील चुकांपासून ते वेगळे काढणे अशक्य होते.

ताऱ्याच्या डोलण्यावरून ग्रह ओळखण्याची कल्पना मात्र खरी ठरली. तारा आपल्याकडे येताना त्याच्या प्रकाशातील रेषा किंचित निळ्या बाजूस सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूस. हे सरकणे मोजून १९९५ मध्ये मायोर व केलो या स्विस शास्त्रज्ञांनी महाश्व तारकासमूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचा ग्रह शोधला. तो चार दिवसांत आपल्या सूर्याची प्रदक्षिणा करतो! १९९९ मध्ये दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना ताऱ्याचा प्रकाश मंदावलेला दिसला. आता असे पाच हजारांहून अधिक ग्रह ठाऊक झाले आहेत. जेकब यांच्या त्या जोडताऱ्याजवळ मात्र अद्याप एकही सापडलेला नाही.