१०-१ ने हरलेला कोच

फुटबॉलमध्ये १०-१ असा स्कोअर लागला तर हरलेल्या टीमच्या कोचचं काय होतं? आज झालं असतं तर रात्रीच मीम्स फिरले असते आणि सकाळपर्यंत साहेबांची नोकरी गेली असती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला नेमकं १०-१ ने हरवलं. त्या टीमचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. बरोबर दहा वर्षांनी याच माणसाने घडवलेल्या टीमने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं.

२०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा आला आणि अजय देवगणमुळे आपल्या पिढीला हे नाव कळलं. सिनेमातली शेवटची मॅच सगळ्यांच्या लक्षात राहते. पण फेस्टची कमिटी, ग्रुप प्रोजेक्ट, कॉलेजची टीम असं काहीही सांभाळणाऱ्यांनी त्या मधल्या दहा वर्षांकडे जरा नीट बघायला हवं.

आधी मास्तर, मग कोच

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेतली आणि ते शाळेत शिक्षक झाले. फुटबॉल सोबत होताच. पुढे हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते सेक्रेटरी झाले आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस टीमचे कोच. त्यानंतर जे घडलं ते आपल्या मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिलं. कूपरेज मैदानावर रंगणारा रोव्हर्स कप या टीमने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला.

कोच झाले तरी त्यांच्यातला मास्तर गेला नाही. आपल्याकडचे खेळाडू बॉल पायाशी ठेवून एकट्यानेच पळत सुटतात, हे त्यांनी हेरलं होतं. यावर लेक्चर देण्याऐवजी त्यांनी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धाच भरवल्या. बॉल आला की पास द्यायचा, बस. दुसरी स्पर्धा याहून भारी. त्यात आपल्या कमजोर पायानेच खेळायचं, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने फक्त डाव्याने. मुलांना सवय लागली, तीही खेळता खेळता.

टीममधल्या कुणाला एखादी गोष्ट जमत नसेल तर आपण काय करतो? ते काम दुसऱ्याला देऊन मोकळे होतो. रहीम साहेब ती गोष्ट करून बघायला सुरक्षित जागा तयार करून द्यायचे.

हरल्यावर काय केलं?

हेलसिंकीच्या एकच वर्ष आधी, १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्ण जिंकलं होतं. कोच रहीमच. तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळायचे आणि त्याचं कौतुकही व्हायचं. हेलसिंकीच्या थंडीत ते कौतुक उघडं पडलं. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

रहीम यांनी परदेशी टीम्स कशा खेळतात याचा अभ्यास केला आणि आपल्या टीमची मांडणी बदलत नेली. ४-२-४ ची पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव आघाडीवर आहे. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यात हॅटट्रिक होती मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांची. ऑलिम्पिक फुटबॉलमधली ही आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये याहून वरचा नंबर आपल्याला आजपर्यंत मिळालेला नाही.

१०-१ नंतर दोष द्यायला कारणं भरपूर होती. थंडी होती, समोर तगडी टीम होती. पण कारणं सांगून झाली तरी उद्या प्रॅक्टिसला काय करायचं हा प्रश्न उरतोच. रहीम साहेबांनी त्या प्रश्नावर काम केलं.

घरचा आणि दारचा

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादच्या गरीब घरातला पोरगा. हैदराबादला सरावाला रोज यायचं तर सायकल भाड्याने घ्यावी लागणार आणि भाड्याला पैसे नाहीत. ते पैसे रहीम साहेबांनी दिले. बलराम यांनीच पुढे हा किस्सा सांगितलाय. हाच पोरगा १९५६ आणि १९६० अशी दोन ऑलिम्पिक खेळला आणि रोममध्ये हंगेरी आणि पेरूविरुद्ध गोल करून आला.

आता घरची बाजू बघा. रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही चांगला फुटबॉलपटू. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात त्याचं नाव होतं, पण त्याला एकही मॅच खेळायला मिळाली नाही. १९६२ च्या विजेत्या संघात तर तो नव्हताच. बाप कोच असताना बेंचवर बसून राहणं सोपं नसणार. घरी जेवताना त्या दोघांमध्ये काय बोलणं होत असेल, आपण फक्त कल्पना करू शकतो. पण टीममधल्या बाकीच्यांना एक गोष्ट नक्की कळली असेल, की इथे ओळखीवर जागा मिळत नाही. मित्रालाच कमिटीत घ्यायची वेळ येते, तेव्हा हा बेंच आठवायला हरकत नाही.

जकार्ताची दुपार

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा. इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि यजमान इंडोनेशियात भारताविरुद्ध संताप उसळला. त्यात पहिलीच मॅच दक्षिण कोरियाने २-० ने जिंकली. पुढच्या एका मॅचमध्ये बचावफळीतल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले.

असा खेळाडू बचावात ठेवणं धोक्याचं आणि बसवून ठेवणं परवडणारं नाही. रहीम यांच्या हे लक्षात होतं, की जर्नेल कॉलेजात असताना सेंटर फॉरवर्ड खेळायचा. त्यांनी त्याला थेट पुढे पाठवलं. सेमी फायनलमध्ये दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलने गोल केला. ४ सप्टेंबरच्या फायनलला समोर पुन्हा दक्षिण कोरिया आणि स्टेडियममध्ये भारताची हुर्यो उडवणारी सुमारे लाखभर माणसं. आपल्या बाजूने ओरडणारे मोजकेच, त्यात पाकिस्तानच्या हॉकी टीमचे खेळाडू होते! पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि पाठोपाठ टाके पडलेल्या जर्नेलने दुसरा. भारत २-१ ने जिंकला. कॅप्टन होता २४ वर्षांचा चुनी गोस्वामी. गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँकोही त्या फायनलमध्ये खेळले.

सहकाऱ्याचं आजचं काम सगळ्यांनाच माहीत असतं. त्याचं कॉलेजातलं काम लक्षात ठेवायला माणसात रस असावा लागतो.

राहून गेलेलं

सगळंच घेण्यासारखं होतं असं नाही. रहीम साहेब प्रचंड सिगारेट ओढायचे. इतरांच्या फिटनेसवर बारीक नजर ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःची ही सवय सोडता आली नाही. जकार्ताच्या विजयानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले. वय फक्त ५३. त्यानंतर आशियाई स्पर्धेच्या फुटबॉलमध्ये भारताला सुवर्ण मिळालेलं नाही.

१९७० मध्ये बँकॉकला भारताने ब्राँझ मिळवलं, तेव्हा टीमच्या कोचपैकी एक होते पी. के. बॅनर्जी. जकार्तात पहिला गोल मारणारे तेच. मास्तर गेले, पण त्यांचा विद्यार्थी आता टीमला शिकवत होता.

तेव्हा पुढच्या वेळी तुमची टीम वाईट हरली की ग्रुपवर भांडण सुरू व्हायच्या आधी कुणीतरी एकाने विचारा, उद्या प्रॅक्टिस किती वाजता?