जोडीचा खेळाडू

आमच्या जिमखान्यात मी दुहेरीच खेळतो. दुहेरी म्हणजे एकेरीत मागे पडलेल्यांची सोय, असे मित्र चिडवतात आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे. सर जॉर्ज थॉमस यांचे चरित्र वाचले आणि हा समज गेला.

थॉमस कपाला ज्यांचे नाव आहे, तेच हे गृहस्थ. जन्म १८८१ चा. इंग्लंडच्या या खेळाडूने १९०३ ते १९२८ या काळात ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेची २१ विजेतेपदे मिळवली. त्यांत एकेरीची चार, पुरुष दुहेरीची नऊ आणि मिश्र दुहेरीची आठ. शेवटचे विजेतेपदही दुहेरीचेच. तेव्हा त्यांचे वय ४६ होते.

एकट्याने लढणे त्यांना जमत नव्हते, असे मात्र नाही. बुद्धिबळात ते १९२३ व १९३४ साली ब्रिटनचे विजेते झाले. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्यांनी कापाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांनाही हरवले!

तरीही १९३९ साली त्यांनी चषक दिला तो देशादेशांच्या संघांसाठी. महायुद्धामुळे पहिली स्पर्धा लांबून १९४८-४९ मध्ये झाली, मलाया जिंकला. थॉमस १९७२ साली वारले. पुढे २०२२ मध्ये भारताने हा चषक प्रथमच जिंकला. अंतिम फेरीतील दुसरा विजय सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी या जोडीचा होता.

आता कोणी चिडवले, तर मी एवढेच सांगतो : एकवीसपैकी सतरा!