दहापैकी आठ

आमच्या शेजारच्या काकूंना नातू झाला. सिझेरियन झालं होतं, पण बाळ-बाळंतीण दोघंही ठणठणीत घरी आली. दुसऱ्याच दिवशी काकू दवाखान्याची फाईल घेऊन माझ्या दारात. चेहरा उतरलेला. बाळाच्या वजनाखाली लिहिलेलं होतं, अ‍ॅपगार ८/१०, ९/१०. काकूंचं म्हणणं असं की जन्मल्या जन्मल्या लेकराची कसली परीक्षा घेतली, आणि घेतलीच तर दोन मार्क कापले कशाबद्दल? विहिणबाईंनी फाईल पाहिली तर त्या काय म्हणतील?

मी सरळ लेकीला फोन लावला. माझी लेक डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ. तिने काकूंना नीट समजावलं. बाळाच्या पाच गोष्टी पाहतात, प्रत्येकीला जास्तीत जास्त दोन मार्क. पहिले मार्क जन्मानंतर एका मिनिटाने आणि दुसरे पाच मिनिटांनी. पहिल्या मिनिटाला बहुतेक बाळांचे हातपाय निळसरच असतात, त्यामुळे रंगाचा एक मार्क जातोच, दहापैकी दहा क्वचित कुणाला पडतात. आणि हे मार्क बाळ पुढे किती हुशार निघेल याचे नव्हेत. त्याला या घडीला मदत लागते आहे का, एवढंच ते सांगतात.

काकूंचा जीव भांड्यात पडला. पण जाता जाता उंबऱ्यावर थबकल्या आणि विचारलं, तुझी लेक भूल देते ना गं, मग तिला बाळाचं कसं काय कळतं?

रात्री मी लेकीला पुन्हा फोन केला आणि विचारलं की हे अ‍ॅपगार काय प्रकरण आहे. मला ते एखाद्या यंत्राचं किंवा औषध कंपनीचं नाव वाटलं होतं. ती हसली. म्हणाली, आई, ती बाई होती. अमेरिकेतली. भूलतज्ज्ञ. आणि मग थोडं थांबून म्हणाली की तिला खरं तर सर्जन व्हायचं होतं. पुढे ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. का, ते सांगते.

आपल्याकडे डॉक्टरांचे स्वभाव ठरलेले असतात. सर्जन म्हटला की तापट, नर्सवर ओरडणारा. हाडांचा डॉक्टर म्हणजे पैलवान, अर्धा सुतार. लहान मुलांचा डॉक्टर हसरा, टेबलावर चॉकलेटची बरणी. वेड्यांचा डॉक्टर स्वतःच जरा तसा, असं तर आपण त्याच्या तोंडावर हसून म्हणतो. कातडीचा डॉक्टर सुखी, कारण त्याला रात्री कुणी उठवत नाही. आणि भूल देणारा? त्याचा चेहराच कुणाला आठवत नाही. आमच्या गावात भूलतज्ज्ञ आपली बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला. बायकांचं तर आणखी सोपं. लेडी डॉक्टर म्हणजे बाळंतपण, दुसरं काही असू शकतं हे ध्यानीमनीही येत नाही.

लेकीची एमबीबीएस झाली आणि पी.जी.च्या प्रवेशाची वेळ आली, तेव्हा तिच्या मार्कांना सर्जरी मिळत होती. तिला तीच हवी होती. मी नको म्हटलं. मीच. माझे मुद्दे तयार होते. तू हळू बोलतेस, तुला कुणावर ओरडता येत नाही, तिथे रात्रंदिवस उभं राहावं लागतं, लग्नाचं काय, आणि गावात बाई सर्जनकडे अपेंडिक्स कापून घ्यायला कोण येणार? ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने भूलशास्त्र लिहून दिलं. त्यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

म्हणून त्या फोननंतर मी या अ‍ॅपगारबाईंबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

व्हर्जिनिया अ‍ॅपगारचा जन्म ७ जून १९०९ चा, अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या वेस्टफील्ड गावातला. वडील विमा कंपनीत होते, पण घरी रेडिओचे प्रयोग आणि दुर्बिणीतून तारे पाहणं चालायचं. घर गाण्याबजावण्याचं, ही लहानपणापासून व्हायोलिन शिकली. एक भाऊ क्षयाने लहानपणीच गेला, दुसरा सतत आजारी. घरात दुखणी पाहिली म्हणून डॉक्टर व्हावंसं वाटलं असेल. १९२९ मध्ये माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली. फीसाठी मिळेल ती कामं केली, त्यात प्रयोगशाळेसाठी भटक्या मांजरी पकडून आणणं हेही एक. शिवाय खेळ, वाद्यवृंद, कॉलेजच्या वर्तमानपत्राची बातमीदारी. ही मुलगी कधी गप्प बसली असेल असं वाटतच नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरी शिकायला गेली. वर्गात नव्वद जण, त्यात मुली नऊ. महिनाभरातच शेअरबाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. कर्ज काढून शिकली. १९३३ मध्ये वर्गात चौथी आली आणि तिथल्याच प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात सर्जरीची उमेदवारी सुरू केली. हात चांगला होता, काम चोख होतं.

आणि इथे तिचे प्रमुख आडवे आले. अ‍ॅलन व्हिपल हे मोठं नाव. स्वादुपिंडाच्या एका अवघड ऑपरेशनला आजही त्यांचंच नाव आहे. त्यांनी तिला सर्जरी सोडायला सांगितलं. आधी शिकवलेल्या बायका सर्जन म्हणून पोट भरू शकल्या नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. दुसरंही एक कारण होतं. भूल देणं त्या काळी तिथे बहुतेक नर्सच करत. शस्त्रक्रिया पुढे न्यायची तर भूलशास्त्र सुधारलं पाहिजे, हे व्हिपलना कळलं होतं, आणि त्यासाठी त्यांना कुणीतरी हुशार, धडाडीचं माणूस हवं होतं. माणूस दुष्ट नव्हता. काळजीपोटीच बोलत होता. हे वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला.

तिने ऐकलं. आधी आपल्याच हॉस्पिटलातल्या नर्सकडून भूल द्यायला शिकली. मग मॅडिसनला राल्फ वॉटर्स यांच्याकडे सहा महिने. डॉक्टरांना भूलशास्त्र रीतसर शिकवण्यात ते अग्रेसर होते. तिथे शिकणारे सगळे पुरुष, राहण्याची सोय पुरुषांचीच. बाईने राहायचं कुठे, याचा विचार कुणी केलेलाच नव्हता. त्यानंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात आणखी सहा महिने. १९३८ मध्ये ती कोलंबियाला परतली ती भूल विभागाची प्रमुख म्हणून.

आता त्यांना बाईच म्हणायला हवं. प्रमुख झाल्या खऱ्या, पण हाताखाली माणसं कुठे होती? पहिली कित्येक वर्षं त्या विभागात डॉक्टर म्हणून जवळजवळ एकट्याच. नवे डॉक्टर या शाखेकडे फिरकत नसत, कारण हे नर्सचं काम असा समज, आणि सर्जन तर भूल देणाऱ्याला बरोबरीचा मानायलाच तयार नसत. अकरा वर्षं खपून बाईंनी विभाग उभा केला. १९४९ मध्ये त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला, आणि प्रमुखपदावर आणून बसवलं एका पुरुषाला, इमॅन्युएल पॅपर यांना. बाईंना प्राध्यापक केलं. कोलंबियाच्या वैद्यकीय कॉलेजात पूर्ण प्राध्यापक झालेली ती पहिली स्त्री. मान मोठाच, पण खुर्ची गेली ती गेलीच. बायका म्हणून आपल्याला काही आडवं येत नाही असं त्या चारचौघांत म्हणत. पगारातला फरक मात्र त्यांना आतून बोचत असे.

खुर्ची गेली, म्हणून बाई बाळंतिणींच्या विभागात भूल द्यायला गेल्या. आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

बाळ जन्मलं की डॉक्टर आणि नर्स सगळ्या आईकडे धावत. रक्त किती गेलं, टाके कसे घालायचे. बाळ रडलं तर ठीक. निळं पडलेलं, मलूल बाळ असलं तर ते नाही जगायचं असं गृहीत धरून बाजूला ठेवल्याचेही प्रकार होत. भूल देणारी व्यक्ती टेबलाच्या डोक्याशी उभी असते, तिथून तिला सगळं दिसतं. बाईंना दिसलं.

एके दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खानावळीत एका विद्यार्थ्याने विचारलं की नुकत्या जन्मलेल्या बाळाची अवस्था ठरवायची कशी. बाईंनी तिथलाच एक कागद ओढला आणि पाच गोष्टी लिहिल्या. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर बाळ काय करतं, आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. लिहिलं आणि तशाच उठून करून बघायला बाळंतपणाच्या खोलीकडे गेल्या. १९५२ मध्ये ही पद्धत त्यांनी परिषदेत मांडली, १९५३ मध्ये ती छापून आली. त्यासाठी ना यंत्र लागतं ना पैसा. घड्याळ, कान आणि डोळे पुरतात.

त्यांचा एक नियम मला फार आवडला. बाळंतपण ज्याने केलं त्याने मार्क द्यायचे नाहीत. त्याचा जीव गुंतलेला असतो, तो आपल्या बाळाला दहापैकी दहाच देणार. मार्क दुसऱ्याने द्यायचे.

आकडे जमायला लागल्यावर त्यांतून पुढचं कळत गेलं. आईला दिलेल्या कोणत्या भुलेने बाळ मलूल होतं, हे बाईंनी सहकाऱ्यांबरोबर रक्त तपासून शोधलं. सतरा हजारांहून अधिक जन्मांना त्या हजर होत्या. स्वतःचं मूल नाही, लग्न केलं नाही. त्यांच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांत पाचही तपासण्या बसवून लक्षात ठेवायची युक्ती १९६० च्या दशकात जोसेफ बटरफील्ड या बालरोगतज्ज्ञाने काढली. त्यामुळे झालं असं की नाव जगभर पोचलं आणि ते एका बाईचं आहे हे विसरलं गेलं.

आणि स्वभाव? भूलतज्ज्ञ शांत, अबोल असतो म्हणे. या बाई इतक्या भरभर बोलत की ऐकणाऱ्याला धाप लागावी. गाडी सुसाट चालवत. पर्समध्ये श्वासनळीत घालायची नळी आणि चाकू, रस्त्यात कुणी पडलं तर असावं म्हणून. पन्नाशीला आल्यावर सार्वजनिक आरोग्य शिकायला पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, आणि १९५९ मध्ये जन्मजात व्यंगांवर काम करणाऱ्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. ज्या मुलांना घरात लपवून ठेवत, त्यांच्याबद्दल गावोगाव उघडपणे बोलल्या. पन्नाशीनंतर विमान चालवायलाही शिकायला लागल्या.

एक गंमत तर सांगायलाच हवी. कार्लीन हचिन्स नावाच्या त्यांच्या एक पेशंट वाद्यं बनवत असत. त्यांच्याकडून बाई व्हायोलिन घडवायला शिकल्या. हॉस्पिटलातल्या टेलिफोनच्या खोलीतली फळी उत्तम मेपल लाकडाची निघाली. मागून मिळेना. मग १९५७ मध्ये एका रात्री दोघींनी ती पळवली. हचिन्सबाई आत काढत होत्या आणि प्राध्यापक अ‍ॅपगार हॉस्पिटलच्या गणवेशात बाहेर पहारा देत होत्या. बदली आणलेली फळी जराशी लांब भरली, ती बायकांच्या स्वच्छतागृहात बसून करवतीने कापली. पळवलेल्या फळीची व्हायोला वाद्याची पाठ झाली. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, पासष्टाव्या वर्षी, त्या त्याच वैद्यकीय केंद्रात वारल्या जिथे त्यांना सर्जरी सोडायला सांगितलं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांचं टपाल तिकीट काढलं. त्यांना तिकिटं जमवायचा नाद होता, त्यांना ते आवडलं असतं.

हे सगळं वाचून मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. हायसं वाटलं. मी लेकीला फोन करून सांगितलंही की बघ, त्यांनाही सर्जरी मिळाली नाही, पण केवढं काम झालं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, काम बाईंनी केलं. त्याचं श्रेय तू व्हिपलना का देतेस?

मी म्हटलं, श्रेय नाही गं देत.

म्हणाली, देतेस.

बारशाला काकूंनी नातवाचे मार्क साऱ्या आळीला सांगितले, आठवरून नऊवर गेला म्हणून. लेकीची ड्यूटी होती, ती आली नाही. त्या रात्री मीच फोन केला आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, की तुला अजून वाटतं का सर्जरी घ्यायला हवी होती. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली की फोनवर नको, दिवाळीला चार दिवस येतेय, तेव्हा बोलू.