चंदीगढचे गृहशिल्पी पिएर जान्नरे

चंदीगढचे नाव निघाले की ल कॉर्ब्यूझ्ये यांचेच स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. नगराचा अंतिम आराखडा, तसेच उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन हा वास्तुसमूह त्यांच्याच प्रतिभेचा आविष्कार होय. परंतु नगर म्हणजे केवळ राजवास्तू नव्हेत. कारकून कचेरीतून जेथे परततो आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर बाज टाकून जेथे कुटुंब निजते, ती घरे बव्हंशी इतरांनी घडविली. त्या इतरांत सर्वाधिक काळ चंदीगढमध्ये राहिलेले परदेशी वास्तुकार म्हणजे पिएर जान्नरे.

त्यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी जिनीव्हा येथे झाला. कॉर्ब्यूझ्ये यांचे मूळ नाव शार्ल-एद्वार जान्नरे; दोघे एकाच घराण्यातले, नात्याने भाऊ. १९२२ पासून १९४० पर्यंत पॅरिसमध्ये दोघांनी एकत्र व्यवसाय केला. प्वासी येथील व्हिला साव्ह्वा हे आधुनिक गृहरचनेचे आदर्श मानले गेलेले घर या दोघांच्या नावे नोंदलेले आहे; पण लोकस्मृतीने त्यातले एकच नाव ठेवले. शार्लोत पेरियाँ यांच्यासह त्यांनी पोलादी नळ्यांचे जे फर्निचर सिद्ध केले, त्याचीही गत तीच. थोरला भाऊ ग्रंथ लिहीत होता, वाद घालत होता, सिद्धांत मांडत होता. धाकटा त्या सिद्धांतांना जिने, खिडक्या आणि सांधे पुरवीत होता. सूत्रकार आणि भाष्यकार असे हे नाते म्हणावे, तर ते तितकेसे खरे नाही. कारण येथे अनेकदा सूत्र आणि भाष्य एकाच मेजावर, एकाच रात्री लिहिले जात होते.

दुसऱ्या महायुद्धाने ही भागीदारी तोडली. कॉर्ब्यूझ्ये व्हिशी राजवटीच्या दारी कामे शोधू लागले. जान्नरे ग्रनोब्ल येथे जाऊन प्रतिकार चळवळीच्या बाजूस उभे राहिले. झाँ प्रूव्हे यांच्या सहकार्याने कारखान्यात तयार होणाऱ्या, थोड्या खर्चात जागेवर जुळवता येणाऱ्या घरांवर त्यांनी याच सुमारास काम केले. टंचाईच्या काळातील हा अनुभव पुढे पंजाबात उपयोगी पडणार होता.

१९४७ च्या फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाब राजधानीविना उरला. नव्या नगराची पहिली योजना अमेरिकन नियोजक ॲल्बर्ट मेयर यांनी केली. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपात वास्तुकारांच्या शोधार्थ गेले. कॉर्ब्यूझ्ये वर्षातून दोनदा येऊन जाण्यास राजी झाले. जागेवर राहण्याचे मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि जान्नरे यांनी पत्करले. युद्धकाळात दुरावलेले भाऊ १९५१ मध्ये असे पुन्हा एका कामावर आले. फ्राय-ड्रू दांपत्य तीन वर्षांनी परतले. जान्नरे मात्र १९६५ पर्यंत तेथेच राहिले आणि पुढे पंजाबचे मुख्य वास्तुकार झाले.

सरकारी घरांचे पगारानुसार तेरा प्रकार ठरविण्यात आले होते, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. ही उतरंड वास्तुकारांनी निर्मिलेली नव्हती, ती सरकारने त्यांच्या हाती दिली होती. आधुनिक नगरात जुनी श्रेणीव्यवस्था अशी आराखड्यातूनच शिरली, हे नाकारता येत नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीच्या घरालाही दोन खोल्या, ओसरी, स्वयंपाकघर, न्हाणी, शौचकूप आणि अंगण मिळाले. काँक्रीट व पोलाद महाग. वीट मात्र हाताशी आणि गवंडी कुशल. म्हणून जान्नरे यांनी विटेलाच बोलते केले. विटांच्या जाळ्या, आत ओढलेल्या खिडक्या, भिंतीबाहेर काढलेली उन्हाची आडणी, कोठे नदीतल्या गोट्यांची भिंत: उन्हाशी तडजोड करता करताच या घरांचे सौंदर्य साकारले. अलंकरणासाठी वेगळा पैसा नव्हता, आणि तो नव्हता हेच बरे झाले.

घरे आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा बसायचे कशावर हा प्रश्न आला. उत्तर सागवान आणि वेत यांत सापडले. उलट्या व्ही-आकाराचे पाय, वेताने विणलेली बैठक व पाठ, साध्या सुतारालाही जमेल असे सांधे अशा खुर्च्या, मेजे, कपाटे, बाके फार मोठ्या संख्येने बनविली गेली. या कामात ऊर्मिला यूली चौधरी आणि इतर भारतीय वास्तुकार सहभागी होते. प्रत्यक्ष घडण निरनिराळ्या कारागिरांची. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही मापांचा फरक आढळतो. स्वतःसाठी जान्नरे यांनी बांबू, लोखंडी सळ्या आणि दोर यांचेही आसन करून पाहिले. सेक्टर ५ मधील त्यांचे घर, पंजाब विद्यापीठातील पाण्यावर तरंगल्यासारखे भासणारे गांधी भवन आणि सुखना तलावातील नौकाविहार ही त्यांच्या मनाची विश्रांतिस्थाने.

प्रकृती खालावल्याने १९६५ साली त्यांना जिनीव्हास परतावे लागले. त्याच वर्षी कॉर्ब्यूझ्ये निधन पावले. जान्नरे ४ डिसेंबर १९६७ रोजी वारले. त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये पुतणी जाक्लीन यांनी त्यांची रक्षा सुखना तलावात विसर्जित केली.

पुढचा इतिहास विलक्षण आहे. मोडकळीस आलेल्या त्या खुर्च्या कचेऱ्यांनी गच्चीवर रचल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात काढल्या. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत अफाट किमतींना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने विक्रीस बंदी घातली; २०१७ मध्ये सेक्टर ५ चे घर संग्रहालय झाले. पण लिलावांच्या सूच्यांनी यांतील बहुतेक सर्व वस्तू एकट्या जान्नरे यांच्या नावे केल्या. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, तसे हे झाले. नाममुद्रा मोठी, म्हणून रचना तिच्याकडे ओढली गेली. जन्मभर दुसऱ्याच्या नावाआड राहिलेल्या माणसाच्या नावाआड आता चौधरी आणि त्यांचे सहकारी गेले, आणि वेत विणणारे तर मुळातच अनाम होते. परदेशी संग्राहक त्या खुर्च्यांच्या पाठीवर सरकारी नोंदीसाठी रंगविलेली खात्याची अक्षरे आणि अनुक्रमांक पुसू देत नाहीत. अस्सलपणाचा पुरावा म्हणून त्यांना तीच लागतात.